शून्याचा अभिमान, स्वल्पविरामाची गुलामी

वलगाव हे अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पेढी नदीकाठचे गाव. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी याच परिसरात देह ठेवला. त्यामुळे गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, १ एप्रिल १९५७ रोजी, सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. वजनमापांचा कायदाही १९५६ मध्येच झाला होता. पुढे शेर गेला आणि किलो आला; सातबाराच्या उताऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. वऱ्हाडातील शेतकऱ्याने हे सारे पचवले. बाजारात तो आजही एकरांत बोलतो आणि तलाठ्याकडे हेक्टरांत ऐकतो. एका एकराचे चाळीस गुंठे, एका हेक्टरचे शंभर आर आणि एका आरचे शंभर चौरस मीटर, हा हिशेब त्याच्या जिभेवर आहे. ज्या माणसाने एका आयुष्यात दोन मापे आणि दोन नाणेपद्धती पेलल्या, त्याला 'आकड्यांत कच्चा' म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

तरीही सेवा केंद्राच्या खिडकीशी उभा राहून संगणकाच्या पडद्याकडे पाहताना हाच माणूस गोंधळतो. का गोंधळतो, याचा शोध घेतला तर दोष त्याच्या शिक्षणात सापडत नाही, संगणकाच्या यंत्रातही सापडत नाही. तो सापडतो पडद्यावरचा आकडा कसा दिसावा हे ठरवणाऱ्या सुशिक्षित, पगारदार आणि बहुधा मराठीच असलेल्या अभियंत्याच्या बेफिकिरीत.

एक साधे उदाहरण घ्यावे. वलगावच्या शिवारात एखाद्याची जमीन शून्य हेक्टर ऐंशी आर, म्हणजे जवळजवळ दोन एकर आहे, असे समजू. संगणकाने ती '०.८' अशी दाखवली. गणिताच्या दृष्टीने काहीच चुकले नाही, ०.८ आणि ०.८० यांचे मूल्य एकच. परंतु उताऱ्याची भाषा जाणणारा माणूस टिंबाच्या डावीकडे हेक्टर वाचतो आणि उजवीकडे आर वाचतो. त्याला '०.८' म्हणजे शून्य हेक्टर आठ आर दिसते. दोन एकरांचे शेत त्याच्या डोळ्यांदेखत आठ गुंठ्यांचे होते. तो विचारतो, "भाऊ, हे आठ आर हाय का ऐंशी?" आतला मुलगा मान वर न करता सांगतो, "काका, एकच हाय ते." ते एक नाही. उताऱ्यावरचे शेवटचे शून्य हे गणितातले फालतू शून्य नव्हे, ती नोंद आहे; आणि महसुली नोंदीत एका शून्याने काय होते, हे भाऊबंदकीचे खटले लढलेल्या कोणत्याही कुटुंबाला विचारावे.

याहून गंभीर प्रकार पुढचाच आहे. उताऱ्यावर क्षेत्र लिहिताना हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन भाग टिंबांनी वेगळे केले जातात. एक हेक्टर एकवीस आर पन्नास चौरस मीटर म्हणजे १.२१.५०. माणसाला यात काहीच अवघड वाटत नाही. पण जगातील बहुतेक संकेतस्थळांच्या पडद्यामागे चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा दशांश अपूर्णांकात एकच टिंब ओळखते. मजकुरातून आकडा काढण्यासाठी तिच्यात 'पार्सफ्लोट' नावाची एक अतिशय लोकप्रिय क्रिया आहे. तिला १.२१.५० दिले, तर ती दुसऱ्या टिंबाशी थांबते आणि १.२१ परत देते. चूक झाल्याची सूचना नाही, घंटा नाही, लाल अक्षरे नाहीत. पन्नास चौरस मीटर जमीन निमूटपणे नाहीशी होते. पन्नास चौरस मीटर म्हणजे सुमारे ५३८ चौरस फूट. शहरालगतच्या गावांत जेथे जमीन चौरस फुटांनी विकली जाते, तेथे एवढ्या जागेत एक कुटुंब घर बांधून राहते. याच भाषेतील 'नंबर' ही दुसरी क्रिया त्या मानाने प्रामाणिक: ती १.२१.५० पाहताच 'ही संख्या नव्हे' असे स्पष्ट सांगते. कोणती क्रिया वापरायची याचा निर्णय मात्र यंत्र घेत नाही.

एकर-गुंठ्यांची गत आणखी निराळी. गावात दोन एकर वीस गुंठे २.२० असे लिहिण्याची रीत आहे. हा आकडा दशांश नाहीच. गुंठे चाळीसला वळतात, शंभराला नव्हे. दोन एकर वीस गुंठे म्हणजे दशांशात २.५ एकर. ज्याने हे गाव कधी पाहिले नाही, असा प्रोग्रामर २.२० ला दशांश समजून हेक्टरात फिरवतो आणि बारा गुंठे गमावतो. त्याला दोष दिला की तो म्हणतो, "ग्राहकाने तसे सांगितले नव्हते." मळणीयंत्र बनवणारा गव्हाची ओंबी पाहिल्याशिवाय यंत्र विकायला निघाला, तर त्याला लोक काय म्हणतील?

हे झाले उताऱ्याचे. पैशांच्या आकड्यांत तर गुलामी उघड दिसते. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही रक्कम मराठी माणूस १२,३४,५६७ अशी लिहितो. यातील प्रत्येक स्वल्पविराम वाचकाला शब्द पुरवतो: पहिल्याच्या आधी लाख, दुसऱ्याच्या आधी हजार. आता तीच रक्कम १,२३४,५६७ अशी दाखवली, तर ते स्वल्पविराम इंग्रजी शब्द पुरवतात: एक मिलियन, दोनशे चौतीस थाउजंड. वाचकाला आधी हे परके विराम मनातल्या मनात पुसावे लागतात, उजवीकडून अंक मोजावे लागतात आणि मग आपले विराम बसवावे लागतात. १०,०००,००० हे दहा लाख की एक कोटी, हे एका दृष्टिक्षेपात सांगण्याची पैज कोणीही लावून पाहावी. कर्जाच्या कागदावर, पीकविम्याच्या रकमेत, मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कात ही पैज सामान्य कुटुंबाला दररोज लावावी लागते.

१५ जुलै २०१० रोजी केंद्र शासनाने रुपयाला स्वतःचे चिन्ह दिले. देशभर आनंद झाला आणि तो योग्यच होता. त्याच वर्षी ते चिन्ह जागतिक युनिकोड प्रमाणात समाविष्टही झाले. पण किती संकेतस्थळांवर हे स्वदेशी चिन्ह मिलियनच्या स्वल्पविरामांपुढे उभे केलेले दिसते! डोक्यावर फेटा आणि खाली विलायती पोशाख, असा हा थाट आहे.

हे का घडते? येथे तंत्राचा थोडा विचार अपरिहार्य आहे, कारण 'संगणकात तसेच असते' या एका वाक्याने आजवर सर्वांची तोंडे बंद करण्यात आली आहेत.

संकेतस्थळ घडवणाऱ्यापुढे संख्या दाखवण्याचे तीन-चार मार्ग असतात. सर्वांत सोपा मार्ग 'टूफिक्स्ड' या क्रियेचा. तिला सांगितले की टिंबापुढे दोनच अंक ठेव, ती ठेवते. ०.८ चे ०.८० होते, म्हणजे आराचे शून्य वाचते. पण ती स्वल्पविराम देत नाही आणि अंक रोमन लिपीबरोबर वापरले जाणारेच देते. शिवाय तिच्यातून संगणकाचा मूळ स्वभाव बाहेर येतो. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्या पद्धतीत एक दशांश ही संख्या पूर्ण लिहिता येत नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३ असा न संपणारा होतो, तसाच. म्हणून जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येते. १.००५ ला दोन दशांश स्थळांत बसवायला सांगितले, तर १.०१ ऐवजी १.०० येते, कारण यंत्राच्या पोटात ती संख्या १.००५ पेक्षा किंचित लहान साठलेली असते. गंमत अशी की जुना चौसष्ट पैशांचा रुपया या यंत्राला तंतोतंत मानवला असता. पाव, निम्मा, आणा, पैसा हे सारे दोनाने दोनाने भागत मिळणारे भाग. द्विमान पद्धतीत ते एक कणही न सांडता मावतात. पेढीवरच्या मुनीमजींची रीत यंत्राला जवळची निघाली आणि १९५७ ची आधुनिक रीत परकी!

दुसरा मार्ग उचलेगिरीचा. स्वल्पविराम घालणारी एका ओळीची एक आज्ञा वर्षानुवर्षे एका प्रोग्रामरकडून दुसऱ्याकडे फिरत आहे. ती उजवीकडून दर तीन अंकांनी स्वल्पविराम टाकते. ज्याने ती लिहिली त्याच्यापुढे लाख-कोटी नव्हते. त्याचा दोष नाही. तो उचलणाऱ्याचा आहे. ही आज्ञा टिंब पाहत नाही. टिंबापुढे तीनपेक्षा अधिक अंक असतील, तर ती तेथेही स्वल्पविराम ठोकते आणि १२३४.५६७८९ चे १,२३४.५६,७८९ असे चमत्कारिक रूप होते. न वाचता उचललेल्या ओळीचे हे फळ. पीएचपी या भाषेतील 'नंबर फॉरमॅट' ही तयार क्रिया दोन दशांश नीट देते, पण गट तिनाचेच करते. लाख तिला ठाऊकच नाही. जावा भाषेच्या मूळ ग्रंथालयातील 'डेसिमल फॉरमॅट'ही एकाच आकाराचे गट जाणते. हजारासाठी तीन आणि पुढे दोन-दोन, अशी अपेक्षा तिला पेलत नाही.

तिसरा मार्ग हा खरा राजमार्ग आहे, आणि तो खुला होऊन दशक उलटून गेले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये जावास्क्रिप्टसाठी आंतरराष्ट्रीयीकरणाचे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि २०१६ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांनी ते स्वीकारले. त्यात 'इंटल नंबरफॉरमॅट' नावाची सोय आहे. तिला एवढेच सांगायचे की वाचक भारतीय इंग्रजीचा आहे, की हिंदीचा, की मराठीचा. भारतीय इंग्रजी सांगितले की लाख-कोटींचे स्वल्पविराम आपोआप बसतात. मराठी सांगितले की स्वल्पविरामांबरोबर अंकही देवनागरी होतात. यामागे युनिकोड संघटनेने चालवलेला जगातील भाषांच्या रिवाजांचा एक कोश आहे. त्या कोशात हिंदीसाठी गृहीत धरलेले अंक रोमन वळणाचे आहेत आणि मराठीसाठी देवनागरी. मराठी समाज आपले अंक वापरतो, अशी नोंद जगाने घेतली आहे. मराठी अभियंत्याने ती घेतलेली नाही.

राजमार्गावरही खड्डा आहे, हे लपवण्याचे कारण नाही. ही सोय स्वतःहून टिंबापुढे जास्तीत जास्त तीन अंक दाखवते आणि कमीत कमी किती दाखवावेत याचे बंधन स्वतःवर घालत नाही. त्यामुळे ०.८० पुन्हा ०.८ होते आणि वलगावचा शेतकरी पुन्हा आठ आरांवर येतो. 'किमान दोन अंक' अशी अट लिहावी लागते. एवढी एक ओळ लिहिण्यास कोणताही परकीय आडकाठी करत नाही.

आणि लिहून घेण्याचे काय? दाखवण्याइतकेच स्वीकारणेही महत्त्वाचे आहे. शेतकरी भ्रमणध्वनीवर मराठी कळफलक उघडतो आणि रकान्यात १२.५ असे देवनागरीत लिहितो. जावास्क्रिप्टला ही संख्या वाटत नाही. पीएचपी तर '१२' ला निर्विकारपणे शून्य मानते. पायथन या भाषेला मात्र हे देवनागरी बारा ही बाराच वाटते, साडेबाराही कळते. तिचा मूळ कर्ता डच. त्याचे गाव विदर्भात नाही. म्हणजे हे करता येते. देवनागरी दहा अंकांच्या जागी रोमन वळणाचे दहा अंक ठेवणारी आज्ञा कोणताही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पाच मिनिटांत लिहील. ती न लिहिता 'कृपया वैध संख्या भरा' असा मराठी संदेश दाखवणे, आणि तोही मराठी अंक लिहिणाऱ्या मराठी माणसाला, हा उद्धटपणा आहे.

आता आक्षेपांकडे वळावे. पहिला आक्षेप ठरलेला: "आकडा कसा दिसतो याने काय बिघडते? मूल्य बरोबर असले म्हणजे झाले." ज्यांना असे वाटते त्यांनी कॅनडातील व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराची कथा वाचावी. १९८२ मध्ये तेथे नवा निर्देशांक हजारापासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर त्याची नवी किंमत काढताना टिंबापुढचे तीनच अंक ठेवायचे, असे ठरले. पण पुढचे अंक आसन्न मूल्यात न घेता सरळ कापून टाकले गेले. एका कापणीत एका हजारांशापेक्षाही कमी तोटा. अशा कापण्या दिवसाला हजारो. बाजार चांगला चाललेला असताना निर्देशांक घसरतच राहिला आणि बावीस महिन्यांत ५२४ वर आला. नोव्हेंबर १९८३ मध्ये चूक दुरुस्त केली, तेव्हा तो एका रात्रीत १०९८ च्या वर गेला. टिंबाच्या उजवीकडील धूळ झाडून टाकणाऱ्यांनी अर्धा बाजार झाडून टाकला होता! वस्तू व सेवा कराच्या कायद्याने १७० व्या कलमात पन्नास पैसे आणि त्याहून अधिक असल्यास पुढचा रुपया, कमी असल्यास सोडून द्यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांना जे लिहावेसे वाटले, ते प्रणाली करणाऱ्यांना क्षुल्लक कसे वाटते?

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे: "जग एक होत आहे, आंतरराष्ट्रीय पद्धत सर्वांनी पाळावी." कोणती आंतरराष्ट्रीय पद्धत? जर्मनीत बारा लाखांची तीच रक्कम पैशांसह १.२३४.५६७,८९ अशी लिहितात: गटांना टिंब, दशांशाला स्वल्पविराम. फ्रान्समध्ये गटांमध्ये कोरी जागा सोडतात. स्वित्झर्लंडमध्ये गटांसाठी वर एक आडवे-तिडवे चिन्ह देतात. जर्मन अभियंता मोटार निर्यात करतो, यंत्रे निर्यात करतो, लेखाप्रणाली निर्यात करतो. स्वतःचा दशांशस्वल्पविराम मात्र त्याने कोणाच्या पायाशी ठेवलेला नाही. 'आंतरराष्ट्रीय' या गोंडस नावाखाली हिंजवडीत आणि नागपुरात जे पाळले जाते, ते प्रत्यक्षात एका देशाचे वळण आहे. जपानचे उदाहरण विरुद्ध बाजूने दिले जाते, तेही खरे आहे: तेथे बोलताना दहा हजारांचे गट करतात आणि लिहिताना तीन अंकांचे. परंतु जपानी भाषेसाठी संख्या संक्षेपाने दाखवताना संगणकाने 'मिलियन' न म्हणता दहा हजारांचे जपानी एककच म्हणावे, याची व्यवस्था प्रमाणकोशात आहे. तशीच व्यवस्था लाख आणि कोटी यांचीही आहे.

तिसरा आक्षेप घरातलाच: "नव्या पिढीला देवनागरी अंक वाचता येत नाहीत." हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तो काही प्रमाणात खरा आहे आणि त्याला जबाबदार घरेच आहेत. तथापि देवनागरी अंकांची सक्ती कोणी मागितलेली नाही. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमाने संघराज्याच्या राजकीय कामासाठी 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' स्वीकारले. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत या प्रश्नावर किती तीव्र वाद झाला आणि पुरुषोत्तमदास टंडन यांच्यासारखे नेते देवनागरी अंकांसाठी किती आग्रही होते, हे इतिहासात नोंदलेले आहे. तोडगा म्हणून स्वीकारलेल्या शब्दरचनेतही घटनाकारांनी 'भारतीय अंक' असेच म्हटले, आणि देवनागरी रूपाला परवानगी देण्याची वाटही त्याच कलमात ठेवली. मागणी एवढीच की १२,३४,५६७ हे रोमन वळणाच्या अंकांतही लाखातच दिसावे, आणि मराठी निवडणाऱ्याला देवनागरी अंक मिळावेत. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात 'मराठी' अशी कळ ठेवायची, ती दाबल्यावर शीर्षके मराठी करायची आणि आकडे परके ठेवायचे, याला भाषांतर म्हणत नाहीत.

या प्रश्नात सर्वांत मोठा अपराधी कोण, हे आता बोलले पाहिजे, आणि ते अनेकांना रुचणार नाही. व्याख्यानमालांतून, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून, दिनदर्शिकांच्या मागच्या पानांवरून 'शून्य आम्ही दिले' हे वाक्य गेली कित्येक वर्षे ऐकवले जात आहे. वाक्यात तथ्य आहे. प्रत्येक स्थान आधीच्या दसपट, हा सिद्धान्त आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास सूत्रात मांडला. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याशी करावयाच्या क्रियांचे नियम दिले. अल् ख्वारिज्मीने नवव्या शतकात हे अंक हिंदूंचे म्हणून सांगितले आणि १२०२ मध्ये इटलीच्या फिबोनाचीने त्यांना भारतीय अंक म्हणूनच युरोपात नेले. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली. त्यांत लक्ष आहे, कोटी आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने स्थापलेल्या मठाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. वलगावहून तो फार दूर नाही. खानदेशची वाट धरली की झाले.

मात्र अभिमानाला प्रामाणिकपणाची जोड हवी. पूर्णांकांची दशमान स्थानपद्धती भारताची. दशांश अपूर्णांक लिहिण्याची रीत भारताची नाही. दमास्कसच्या अल् उक्लिदिसीने ती दहाव्या शतकात वापरली आणि फ्लँडर्सच्या सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये छोट्या पुस्तिकेतून युरोपात रूढ करण्याचा प्रयत्न केला. मराठी दप्तरांत अपूर्णांक उभ्या रेघांनी लिहीत: पावाला एक, निम्म्याला दोन, पाऊणला तीन. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. या चिन्हांसाठी युनिकोडने २००९ मध्ये वेगळा विभाग दिला. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी मुखोद्गत असलेली पिढी साडेतीन पायलीचा भाव तोंडी सांगत असे. ती रीत परत आणा, असे कोणी म्हणत नाही. पण ज्या समाजाने अपूर्णांकांना स्वतःची चिन्हे, स्वतःचे शब्द आणि स्वतःचे पाढे दिले, त्याचे वंशज अपूर्णांक कसा दाखवावा याचा निर्णय उचललेल्या एका ओळीवर सोडतात, आणि संध्याकाळी शून्याच्या शोधावरचे व्याख्यान ऐकायला पहिल्या रांगेत बसतात! शून्य दिल्याचा अभिमान बाळगणाऱ्याने ऐंशी आरांतले शून्य तरी पुसू नये.

उपाय खर्चिक नाहीत. पैसे साठवताना रुपयांच्या दशांशात न साठवता पैशांच्या पूर्णांकात साठवावेत. जमीन चौरस मीटरांच्या पूर्णांकात साठवावी. एक हेक्टर एकवीस आर पन्नास चौरस मीटर म्हणजे १२,१५० चौरस मीटर. हा पूर्णांक आहे; यात द्विमान पद्धतीचा कण सांडत नाही, दुसरे टिंब आड येत नाही. बेरीज, वाटणी, फेरफार, सारे या पूर्णांकावर करावे आणि अगदी शेवटी, पडद्यावर उमटवताना, वाचकाच्या भाषेनुसार त्याचे रूप ठरवावे. साठवण्याचे रूप वेगळे आणि दाखवण्याचे वेगळे, हा विवेक पाळला की अर्धे रोग जातात. लिहून घेताना दोन्ही वळणांचे अंक स्वीकारावेत. एकर-गुंठ्यांसाठी एक रकाना न देता दोन द्यावेत, म्हणजे २.२० चा घोळच उरत नाही. सदस्य असलेल्या पतसंस्थेत, मुलांच्या शाळेत, गावाच्या सोसायटीत नवी प्रणाली येते, तेव्हा या गोष्टी विचारण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. वार्षिक सभेत लाडू कोणत्या तुपाचे हे विचारण्याइतकाच.

निविदा काढणाऱ्या संस्थांनी तर यासाठी तज्ज्ञ समिती नेमण्याचीही गरज नाही. प्रणाली ताब्यात घेण्याच्या दिवशी तिच्या निर्मात्याला समोर बसवावे. मराठी कळफलकावरून क्षेत्राच्या रकान्यात १.२१.५० आणि दुसऱ्या नोंदीत ०.८०.०० असे भरावे. रकमेच्या रकान्यात १२३४५६७.५० लिहावे. मग छापील प्रत काढावी. पन्नास चौरस मीटर जागेवर आहेत काय, ऐंशी आरांचे शून्य शाबूत आहे काय, बारा लाखांचे स्वल्पविराम लाखात आणि हजारात पडले आहेत काय, आणि शेवटचे पन्नास पैसे उमटले आहेत काय, हे वलगावच्या कोणत्याही खातेदाराकडून वाचून घ्यावे. तो हो म्हणाला, तरच देयकावर सही करावी.